रिकामे हात

फायर ब्रिगेडमध्ये कमांडर म्हणून माझी पहिली मोठी वर्दी, म्हणजे आगीचा कॉल, मला एका अडकलेल्या होजमुळे, पाण्याच्या पाइपमुळे, लक्षात राहिलीये. तीन मजली इमारत, खाली तळघर, तळघरात प्लास्टिकचा माल, आणि जिन्याच्या वळणावर होज अडकलेला. आत दोन जवान ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरून बसलेले, पाण्याला प्रेशर होतं पण होज पुढे सरकत नव्हता. मी दारापासून आठ-दहा पावलांवर उभा. इतकी वर्षं मी तेच काम केलेलं, वळण बघताक्षणी कळलं कुठे हात घालायचा. जिन्याच्या तोंडाशी धूर तसा विरळ होता. गेलो, ओढला, मोकळा केला. बाहेर आलो तेव्हा जेमतेम तीन-चार मिनिटं झाली असतील, आणि खरं सांगतो, छाती जरा फुगलीच होती.

त्या तीन-चार मिनिटांत मागच्या बाजूच्या टीमने मला वॉकीवर दोनदा हाक मारली होती. मागच्या शटरमधून येणारा धूर बदललाय, काय करायचं? उत्तर नाही. तिसऱ्यांदा पंपावरच्या ड्रायव्हरने वॉकी उचलला आणि म्हणाला, साहेब आत गेलेत. बस. पुढे काहीही झालं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आग विझली, रिपोर्ट गेला.

दुसऱ्या दिवशी माझे सीनियर चहा पिता पिता म्हणाले, "तू आत होतास तेव्हा बाहेर कोण होतं?"

मी म्हटलं, सर, ड्रायव्हर होता ना पंपावर.

"माणूस नाही विचारला मी. बाहेर कोण होतं?"

मला कळायला एक क्षण गेला, आणि कळल्यावर चहा काही गेला नाही. ते पुढे फार काही बोलले नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाले की आता तुझ्या हातात काही दिसलं ना, होज, कुऱ्हाड, शिडी, काहीही, तर समज तिथे कमांडर नाहीये.

लोकांना वाटतं बढती म्हणजे जास्त काम. या नोकरीत बढती म्हणजे जे काम तुम्हाला उत्तम येतं नेमकं तेच सोडायचं. ज्या हातांच्या जोरावर तुम्ही वर आलात ते खिशात घालायचे आणि बाहेर रस्त्यावर उभं राहून बघायचं. बघायचं, ऐकायचं, मोजायचं. आणि बाहेरून बघणाऱ्या गर्दीला तुम्ही काहीच न करणारे एकमेव इसम दिसता, एकदा तर एका बाईंनी मला खांद्याला धरून हलवून विचारलं होतं की तुम्ही नुसते उभे काय राहिलात. त्यांचं घर जळत होतं, त्यांचं काय चुकलं.

शिफ्टची सुरुवात मात्र अगदीच कंटाळवाणी असते आणि मला ती फार आवडते. रोल कॉल, मग कोण कुठल्या गाडीवर, कोण बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, घालणार, कोण पंपावर. सिलिंडरचं प्रेशर बघा, मास्कचं सील बघा, टॉर्च, वॉकीची बॅटरी, पंप चालू करून बघा. रोज तेच, आणि नवीन पोरं हमखास वैतागतात की कालच तर चेक केलं. मी त्या वेळी सेटकडे कमी आणि चेहऱ्यांकडे जास्त बघतो. कोण झोपलेला नाहीये, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं कुणाशी वाजलंय. जो नेहमी बडबड करतो तो गप्प असेल तर त्याला त्या दिवशी पहिल्या जोडीत घालत नाही, आणि का ते सांगतही नाही. त्यालाही कळतं, मलाही कळतं.

याला उगाच सायकॉलॉजी वगैरे म्हणू नका. अमेरिकेत मोंटाना राज्यात मान गल्च नावाची दरी आहे, तिथे ५ ऑगस्ट १९४९ ला वणवा विझवायला विमानातून उड्या मारून उतरलेली एक टीम होती. फोरमन वॅग डॉज. वारा फिरला, आग दरीतून त्यांच्या मागे उताराने वर चढायला लागली, आणि चढावर आग माणसापेक्षा नेहमीच जोरात पळते. पळून जाणं शक्य नाही हे लक्षात आल्यावर डॉजने खिशातून काडी काढली आणि समोरचं गवत स्वतःच पेटवलं. ते गवत जळून गेलं की जळलेल्या पट्ट्यात पडून राहायचं, मोठ्या आगीला तिथे खायला काही उरणार नाही, अशी कल्पना. त्याने मागच्यांना बोलावलं, एकही जण थांबला नाही. आणि कसा थांबेल? आगीपासून पळताय आणि तुमचा साहेब तुमच्यासमोर आणखी एक आग लावतोय. तेरा जण गेले. डॉज त्या राखेत पालथा पडून वाचला, आणखी दोघं कड्यातल्या फटीतून पलीकडे निघाले म्हणून वाचले. डॉजची आयडिया बरोबर होती हो, पण ती पोरं त्याच्यासोबत फारशी राबलेली नव्हती, त्याला नीट ओळखतही नव्हती, आणि त्या क्षणी समजावून सांगायला वेळ कुठला. मी कधीतरी ओरडेन आणि तो हुकूम ऐकणाऱ्याला वेडेपणाचा वाटेल, तरीही त्याने आधी करावं आणि मग विचारावं, हे त्या दिवशी नाही मिळवता येत. ते रोज सकाळी सिलिंडरचं प्रेशर बघताना थोडं थोडं जमतं. किंवा जमत नाही.

आता वर्दी. फोनवर जे सांगितलं जातं ते आणि पोहोचल्यावर जे दिसतं ते, यांचा संबंध असेलच असं नाही. "थोडा धूर येतोय" म्हणजे काहीही असू शकतं. गाडीतूनच बघायला सुरुवात होते, धूर किती आहे, कुठून येतोय, रंग काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कसा हलतोय. आरामात वर जाणारा धूर वेगळा आणि उकळी फुटल्यासारखा, स्वतःत गुरफटत, जोरात बाहेर फेकला जाणारा काळाकुट्ट धूर वेगळा. दुसरा धूर म्हणजे फक्त अजून पेटायचं बाकी असलेलं इंधन आहे. छताखालचं तापमान साधारण ५०० ते ६०० डिग्री सेल्सियसच्या घरात गेलं की खोलीतलं सगळं जवळपास एकदमच पेट घेतं, फ्लॅशओव्हर म्हणतात त्याला, आणि त्यात पूर्ण किट घातलेला जवानसुद्धा टिकत नाही. दार-खिडक्या बंद, काचा काळ्या पडलेल्या आणि फटीतून धूर बाहेर येतोय परत आत ओढला जातोय, म्हणजे घर श्वास घेतंय असं वाटलं, तर दाराला हात लावणाऱ्याला आधी मागे खेचायचं. तिथे आग हवेसाठी भुकेली असते आणि दार उघडणारा तिला जेवायला वाढतो.

आणि वेळ पूर्वीपेक्षा फार कमी झालाय. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी जाळून बघितल्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं फर्निचर, दुसरीत आजचं फोम आणि सिंथेटिकचं. जुनी खोली फ्लॅशओव्हरपर्यंत जायला जवळपास अर्धा तास लागला. आजची चार मिनिटांच्या आत गेली. चार मिनिटं म्हणजे काय, तर वर्दी लिहून घेऊन गाडी गेटबाहेर पडून पहिल्या-दुसऱ्या चौकात. म्हणजे आम्ही पोहोचतो ते बहुतेक वेळा सगळ्यात वाईट क्षणाला नाहीतर त्याच्या जरासं आधी.

मग ठरवता कसं, असं सगळे विचारतात. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीच्या ठिकाणच्या कमांडरांना हाच प्रश्न विचारला होता. त्याची अपेक्षा अशी की हे लोक निदान दोन पर्याय तरी शेजारी ठेवून तोलत असतील. कमांडर म्हणाले, छे, आम्ही पर्याय-बिर्याय काही बघत नाही, बघितलं की कळतंच काय करायचं ते. आणि तपासल्यावर निघालं तसंच. डोकं आधी बघितलेल्या आगींशी जुळणी करतं, एक उपाय समोर येतो, मनातल्या मनात चालवून बघायचा, चालला तर हुकूम. माझ्याबाबतीत तरी हे अगदी खरंय, सुरुवातीच्या एका मिनिटात मी विचार करतो असं म्हणणं म्हणजे थापच होईल.

फक्त यात एक गोची आहे. जुळणी चुकीच्या आगीशीही होते. ब्रिटनमधल्या फायर ऑफिसर आणि संशोधक सबरीना कोहेन-हॅटन यांनी कमांडरांच्या निर्णयांवरच काम केलंय, आणि त्यांनी सुचवलेली सवय मला पटली, हुकूम तोंडातून निघायच्या आधी स्वतःला विचारायचं की मी हे का करतोय, यातून काय होईल असं मला वाटतंय, आणि मिळणारं त्या धोक्याच्या तोडीचं आहे का. तीन प्रश्न, काही सेकंद. यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण काय होईल हे आधी बोलून ठेवलं की ते झालं नाही तर निदान लक्षात तरी येतं. पाणी मारल्यावर दोन मिनिटांत धूर पांढरा व्हायला हवा होता. झाला नाही. म्हणजे पाणी आगीवर पडतच नाहीये, किंवा मला वाटतेय ती आग ही नाहीच.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरबद्दल वाचताना मला घाम फुटतो तो इथेच. १४ जून २०१७, मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग. अशा इमारतीत आग एका फ्लॅटमध्येच अडकून राहते, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या घरात थांबायचं, हा ठरलेला नियम, आणि एरवी तो बरोबरच ठरतो. त्या रात्री आग बाहेरच्या क्लॅडिंगवरून, म्हणजे भिंतींवर लावलेल्या आवरणावरून, वर चढली. पहिला फोन १२:५४ चा, आणि घरात थांबा ही सूचना मागे घेतली गेली २:४७ ला. चौकशी समितीने नंतर म्हटलं की ती १:३० ते १:५० च्या दरम्यान मागे घ्यायला हवी होती. ७२ माणसं गेली. सुरुवातीला तिथे कमांड होती एका वॉच मॅनेजरकडे, म्हणजे माझ्यासारख्याच शिफ्टवाल्याकडे, आणि अशी आग ओळखायचं ट्रेनिंग त्याला कुणी दिलेलंच नव्हतं हेही त्याच समितीने लिहिलंय. लोक तो अहवाल वाचून म्हणतात, डोळ्यांसमोर इमारत पेटतेय आणि यांना दिसत नाही? दिसतं हो. डोळ्यांना दिसतं, पण आयुष्यभर ज्या नियमावर विश्वास ठेवला तो आज खोटा ठरलाय हे डोळ्यांनी सांगून डोकं ऐकत नाही. मी तिथे असतो तर? मला माहीत नाही, आणि ज्यांना खात्री आहे की त्यांनी वेगळं केलं असतं त्यांच्या हाताखाली मी काम करणार नाही.

आत काय ठेवलंय हा प्रश्न तर मी भेटेल त्याला विचारतो, मालकाला, वॉचमनला, शेजाऱ्याला, सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी येतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजात कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. ६६ अग्निशमन जवान गेले त्यात, दरवर्षी त्या तारखेला आपण उभे राहतो ते त्यांच्यासाठी.

घड्याळाबद्दल सांगायचं राहिलंच. आगीसमोर वेळ बिघडतो, मला पाच मिनिटं वाटतात तेव्हा पंधरा झालेली असतात. म्हणून कंट्रोल रूमला सांगून ठेवतो की ठरावीक मिनिटांनी मला वेळ सांगत जा, मी खेकसलो तरी सांगा. कारण आतल्या प्रत्येकाच्या पाठीवर हवा मोजकीच आहे. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २,००० लिटर हवा, कागदावर चाळीस-पन्नास मिनिटं. कागदावर. जिना चढणारा, ओझं ओढणारा, घाबरलेला माणूस ती त्याच्या निम्म्या वेळातही संपवू शकतो. प्रेशर खाली गेल्यावर सेटची शिट्टी वाजते आणि नवीन पोरांना वाटतं ती निघायची खूण. ती निघायला उशीर झाल्याची खूण आहे. शिट्टी वाजेल तेव्हा दाराबाहेर असायचं, हा हिशोब आत शिरतानाच करायचा. आत जाणाऱ्याची टॅली, म्हणजे त्याच्या नावाची पट्टी, बाहेर बोर्डावर लागते, नाव, प्रेशर, आत गेल्याची वेळ. बोर्डावर टॅली लटकलेली असेपर्यंत मी इतर कुणाशी धड बोलू शकत नाही, मोठे साहेब आले तरी माझा एक डोळा त्या बोर्डावरच असतो. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही, तेही तिथूनच गेलेत.

आणि मग माघार.

अमेरिकेतल्या वूस्टर शहरात ३ डिसेंबर १९९९ ला एका रिकाम्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. सहा मजली, जवळपास बिनखिडक्यांची इमारत. आत बेघर माणसं असतील अशी खबर, म्हणून जवान आत गेले. ती माणसं आधीच निघून गेली होती. दोन जवान धुरात रस्ता चुकले, हवा संपत आल्याचं वॉकीवर सांगत राहिले, त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चार जण परतले नाहीत. बाहेर आणखी जवान सेट घालून रांगेत उभे, आत जाऊ द्या म्हणून हट्ट धरून बसलेले. डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनमी जिन्याच्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले आता कुणी नाही. आत सहा जण होते. त्यांचीच माणसं. बाहेरची रांगही त्यांचीच माणसं, चिडलेली, रडणारी.

मी खूपदा त्या दाराचा विचार करतो. ते दार अडवायलाही हातात काही असून चालत नाही.

माझी माघार एवढी मोठी नव्हती, कुणी अडकलेलं नव्हतं. मोठं जुनं गोदाम, लोखंडी कैच्यांचं छत, चाळीसेक मिनिटं झालेली, आणि आतली जोडी वॉकीवर सांगत होती की साहेब मिळाली, आगीचं मूळ मिळालं, दहा मिनिटं द्या. जोडीतला लीडिंग फायरमन कसलेला माणूस, दहा मिनिटं म्हणाला तर दहाच. मी उजवीकडच्या भिंतीकडे बघत होतो. वरच्या कडेला एक भेग होती जी आलो तेव्हा होती की नव्हती हे मला आठवेना. तापलेलं लोखंड लांबतं, भिंतीला बाहेर ढकलतं, आणि ५०० डिग्रीच्या पुढे त्याची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. भेग वाढतेय असं वाटत होतं. वाटत होतं, यापुढे काही नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं. गाडीचे हॉर्न वाजवले, बोर्डावरच्या टॅली एकेक करून निघाल्या, सगळे बाहेर, आणि मग बाहेरून पाणी मारत बसलो रात्रभर. आतला माल सगळा गेला.

छत पडलं नाही.

सकाळपर्यंत नाही पडलं, भिंतही उभीच राहिली. मालक मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. पण खरं लागलं ते माझ्या लोकांचं गप्प बसणं. परतीच्या गाडीत कुणी काही बोललं नाही, लीडिंग फायरमन खिडकीतून बाहेर बघत होता. छत पडलं असतं तर मी त्यांच्यासाठी देव झालो असतो, ते पडलं नाही म्हणून भित्रा, आणि यातलं खरं कुठलं हे मला आजही सांगता येणार नाही. आत जाऊन काही वाईट झालं तर चूक कुठे झाली ते निदान कळतं. बाहेर काढलं तर कधीच कळत नाही की वाचवलं की उगाच घाबरलो. अशा रात्रींचा एक ढीग असतो प्रत्येक कमांडरकडे, त्याची कुठे नोंद नसते. रिपोर्टात माघारीचं कारण लिहायला एक ओळ असते, मी लिहिलं, "भिंतीची अवस्था संशयास्पद".

साधारण दोन महिन्यांनी तोच लीडिंग फायरमन सकाळी रोल कॉलच्या आधी माझ्या टेबलापाशी आला. उगाच रजिस्टर चाळल्यासारखं केलं.

"साहेब, ते गोदाम पाडलं."

मी म्हटलं, हो का.

"ती भिंत पाडायला मशीनला दोन दिवस लागले म्हणे."

माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. तो थोडा वेळ उभा राहिला, रजिस्टर मिटलं, आणि म्हणाला चला, सेट चेक करतो. मी त्याच्या मागोमाग बाहेर गेलो.